घरच्यांसोबत फिल्म फेस्टिव्हल: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

आधी वयाचा नियम पाहा, सिनेमांची यादी त्यानंतर. फेस्टिव्हलमध्ये येणारे बरेच सिनेमे त्या देशात अजून प्रदर्शित झालेले नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे तिथलं सेन्सॉर प्रमाणपत्रही नसतं. भारतासह अनेक देशांत फेस्टिव्हलना प्रमाणपत्रातून सूट मिळते, पण त्या बदल्यात पुष्कळ ठिकाणी प्रेक्षक १८ वर्षांवरचेच घेतले जातात. सिनेमा सात वर्षांच्या मुलाने पाहावा असा असला तरी अशा ठिकाणी त्याला दारातून परत पाठवतात, आणि दारावरच्या स्वयंसेवकाशी वाद घालून काहीही होत नाही. म्हणून पास काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या: मुलांसाठी वेगळा विभाग आहे का, त्या विभागाला वयाची अट लागू आहे का, आणि पास प्रत्येकाच्या नावाने लागतो की मुलांना पालकांच्या तिकिटावर सोडतात. ही विचारणा ईमेलने करा. लेखी उत्तर मोबाइलवर असलं की दारावर काम सोपं होतं.

घरात लहान मुलं असतील तर मुलांसाठीचे फेस्टिव्हल, किंवा मोठ्या फेस्टिव्हलमधले मुलांचे विभाग, यांपासून सुरुवात केलेली बरी. चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिनमध्ये १९६१ पासून मुलांच्या सिनेमांचा फेस्टिव्हल भरतो. इटलीतल्या जिफोनीत १९७१ पासून फेस्टिव्हल होतो आणि तिथे परीक्षक म्हणून मुलंच बसतात. बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये १९७८ साली मुलांचा विभाग सुरू झाला. आज त्याचं नाव ‘जनरेशन’ आहे, त्यात लहान मुलांसाठी एक आणि चौदा वर्षांवरच्यांसाठी एक असे दोन गट आहेत, आणि त्यांचे ‘क्रिस्टल बेअर’ पुरस्कार मुलांची आणि किशोरांची ज्युरी देते. अशा विभागांत निवड करणाऱ्यांनी वयाचा विचार आधीच केलेला असतो, त्यामुळे तुमचं निम्मं काम झालेलं असतं.

किती सिनेमे पाहायचे

एकटा माणूस दिवसाला चार-पाच सिनेमे पाहू शकतो. घरच्यांसोबत तसं होत नाही. सगळ्यांनी मिळून दिवसाला एक सिनेमा, आणि ज्यांना हवा त्यांच्यासाठी आणखी एक, एवढंच धरा. पास आहे म्हणून तो वसूल करायचा, हा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या. तिसऱ्या सिनेमात पेंगणाऱ्या मुलाला दुसरा सिनेमाही आठवत नाही.

लांबीचा अंदाज असा ठेवता येईल: पाच-सहा वर्षांच्या मुलांना ४५ ते ६० मिनिटांचा कार्यक्रम, सात ते नऊच्या मुलांना ८० ते ९० मिनिटं, दहा-बारा वर्षांच्या मुलांना शंभर मिनिटांपर्यंत. आजी-आजोबा सोबत असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: फेस्टिव्हलच्या सिनेमांना मध्यंतर नसतं. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे अडीच तासांची सलग बैठक. ज्यांना मध्येच उठावं लागतं त्यांच्यासाठी दोन तासांच्या आतलेच सिनेमे निवडा.

सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहायला हवं असंही नाही. पंधरा वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा एका पडद्यावर, आई आणि धाकटा दुसऱ्या पडद्यावर, मग चौघं भेटून एकमेकांना आपापला सिनेमा सांगतात, ही फेस्टिव्हलची उत्तम पद्धत आहे. दुसऱ्याने न पाहिलेला सिनेमा त्याला सांगताना मूल तो मनात नीट जुळवून पाहतं.

कॅटलॉग कसा वाचायचा

कॅटलॉगमधला सारांश सिनेमाकडे लोकांना ओढण्यासाठी लिहिलेला असतो. मुलांना काय जड जाईल हे त्यात नसतं. म्हणून सारांशाच्या आधी त्याच्या वरची बारीक अक्षरातली ओळ वाचा. तिथे देश, वर्ष, भाषा, मिनिटं आणि सबटायटलची भाषा दिलेली असते. तो शो सिनेमाचा जगातला पहिलाच असेल तर ‘वर्ल्ड प्रीमियर’ असंही छापलेलं असतं, आणि घरच्यांसाठी निवड करताना हा शब्द कामाचा आहे. वर्ल्ड प्रीमियर म्हणजे बाहेरच्या कोणीही तो सिनेमा अजून पाहिलेला नाही. परीक्षण नाही, बहुधा कुठल्याही देशाचं वयाचं प्रमाणपत्रही नाही. मोठ्यांना त्यात मजा आहे, मुलांसोबत तो धोका आहे. उलट वर्षभर इतर फेस्टिव्हलमध्ये फिरून आलेला सिनेमा असेल तर त्याच्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं.

असा सिनेमा सापडला की तो आधी जिथे प्रदर्शित झाला तिथलं वयाचं वर्गीकरण शोधा. जर्मनीत ०, ६, १२, १६, १८ असे टप्पे आहेत. स्वीडनमध्ये सर्वांसाठी, ७, ११ आणि १५. ब्रिटनच्या सिनेमा वर्गीकरण मंडळाच्या (बीबीएफसी) संकेतस्थळावर तर वर्गीकरणासोबत कारणंही थोडक्यात दिलेली असतात: हिंसा किती, भाषा कशी, भीतीदायक प्रसंग कोणते. पालकांसाठी याहून उपयोगी वाचन क्वचितच मिळेल. मात्र प्रत्येक देशाचा काटा वेगळा असतो. अमेरिकेतलं वर्गीकरण नग्नता आणि शिव्यांबाबत जास्त कडक आणि हिंसेबाबत सैल मानलं जातं. उत्तर युरोपात बऱ्याचदा याच्या उलट दिसतं. दोन देशांचं वर्गीकरण ताडून पाहिलं की अंदाज बऱ्यापैकी बसतो.

सारांशातले काही शब्द ओळखीचे करून घ्या. ‘निर्भीड’, ‘अस्वस्थ करणारा’, ‘देहाचं राजकारण’, ‘काळा विनोद’ असं काही दिसलं की आधी मोठ्यांपैकी कोणीतरी शोध घ्यायचा. ‘वयात येण्याची गोष्ट’ हा तर खास फसवा शब्द: नायक बारा वर्षांचा असतो, पण सिनेमा बारा वर्षांच्या मुलांसाठी असेलच असं नाही. लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेल्या युद्धाच्या, घटस्फोटाच्या, अत्याचाराच्या कथा मोठ्यांसाठी केलेल्या असतात. ॲनिमेशनचंही तसंच. चित्रं हलतात म्हणून सिनेमा मुलांचा होत नाही; फेस्टिव्हलमधल्या ॲनिमेशनचा मोठा भाग प्रौढांसाठीच असतो.

लघुपटांच्या संचाबाबत सगळ्यात जास्त गल्लत होते. पाच ते दहा लघुपट एका तिकिटावर सलग दाखवतात आणि संच सत्तर ते शंभर मिनिटांचा होतो. (लघुपट किती लांबीचा, यावर एकमत नाही. ऑस्करसाठी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांची मर्यादा आहे.) आठ लघुपटांपैकी सात गोड आणि एक भयानक असेल तर संचाचं वय त्या एकावरून ठरवायचं, कारण क्रम आधीच ठरलेला असतो आणि दोन लघुपटांमध्ये जेमतेम काही सेकंद अंधार असतो, उठून बाहेर जायला तेवढा वेळ पुरत नाही. संचातला प्रत्येक लघुपट वेगवेगळा शोधून पाहा. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

निवडीत वैविध्य कसं आणायचं

नवखी कुटुंबं बहुतेकदा एकाच चवीचे सिनेमे निवडतात, म्हणजे सगळे हलकेफुलके किंवा सगळे पुरस्कारविजेते. फेस्टिव्हलला जायचं ते एरवी हाताला न लागणारं पाहायला. पाच सिनेमांची निवड असेल तर ती अशी करून बघा.

पहिला सिनेमा मुलांच्या विभागातला, शक्यतो कमी संवादांचा किंवा अजिबात संवाद नसलेला. फेस्टिव्हलच्या अंधारात, अनोळखी प्रेक्षकांत बसण्याची सवय त्यावर होते.

दुसरा लघुपटांचा संच. मुलांना हे प्रकरण फार आवडतं, कारण न आवडलेला लघुपट दहा मिनिटांत संपतो.

तिसरा माहितीपट. विषय मुलाच्या आवडीचा घ्या (प्राणी, खेळ, यंत्रं, नाच), विषयाचं महत्त्व नंतर बघू. माहितीपट मुलांना कंटाळवाणा वाटतो तो बहुधा मोठ्यांनी विषय निवडलेला असतो म्हणून.

चौथा सिनेमा जुना. बऱ्याच फेस्टिव्हलमध्ये रिस्टोअर केलेल्या, म्हणजे मूळ निगेटिव्ह किंवा जुन्या प्रिंट स्कॅन करून, ओरखडे आणि डाग काढून, रंग आणि आवाज सुधारून तयार केलेल्या सिनेमांचा विभाग असतो. त्यात एखादा मूकपट प्रत्यक्ष वाद्यसंगीतासोबत असेल तर तो कुटुंबासाठी हमखास निवडा. भाषा अडत नाही, वाचायची पाटी अधूनमधूनच येते, आणि वादक पडद्याकडे पाहत वाजवत असतात हे मुलांना दिसतं. वादक दिसतील अशी बाजूची जागा मिळाली तर इथे ती मधल्या जागेहून चांगली.

पाचवा सिनेमा अशा देशाचा, की ज्या देशाचा सिनेमा घरातल्या कोणीही आजवर पाहिलेला नाही. हा मोठ्यांनी निवडायचा, पण मुलांनी नकाशावर तो देश आधी शोधायचा.

प्रत्येकाला निदान एक सिनेमा स्वतः निवडू द्या, अगदी धाकट्यालाही. त्यासाठी तुम्ही आधी चाळून सहा-सात सिनेमांची यादी करा आणि त्यातून निवड करायला सांगा. दोनशे सिनेमांचा कॅटलॉग मुलांपुढे टाकला तर ती फक्त फोटो बघून ठरवतात.

वेळापत्रक

वेळापत्रकात छापलेली मिनिटं फक्त सिनेमाची असतात. सकाळी ११ वाजताचा ९५ मिनिटांचा सिनेमा घ्या. सुरुवातीला परिचय दहा मिनिटं, सिनेमा ९५, दिग्दर्शक आलेले असतील तर प्रश्नोत्तरं वीस मिनिटं, बाहेर पडायला आणि स्वच्छतागृहाच्या रांगेला दहा. म्हणजे सव्वा वाजले. पुढच्या शोसाठी अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभं राहायचं, मध्ये जेवायचं आणि दुसऱ्या सिनेमागृहात जायचं तर पुढचा शो अडीचच्या आधीचा घेऊच नका. घाईत जेवण टळतं, आणि भुकेलं मूल कोणताही सिनेमा बघत नाही.

सकाळचे शो कुटुंबाला सर्वांत सोयीचे. गर्दी कमी असते, मुलं ताजीतवानी असतात, वेळही फारसा पुढे ढकलला जात नाही. दिवसभरातला उशीर साचत साचत रात्रीच्या शोपर्यंत अर्ध्या तासाचा होतो.

बरेच सिनेमे फेस्टिव्हलमध्ये दोनदा दाखवतात. पहिल्या शोला पाहुणे आणि प्रश्नोत्तरं असतात, दुसऱ्याला नसतात. लहान मुलांसाठी दुसरा घ्या. ‘प्रेस अँड इंडस्ट्री’ असं लिहिलेले शो सामान्य प्रेक्षकांसाठी नसतात, ते यादीतून आधीच काढून टाका. आणि प्रत्येक निवडीला एक पर्याय लिहून ठेवा, त्याच वेळेचा आणि जवळच्याच पडद्यावरचा.

तिकिटं

पास म्हणजे जागेची हमी नव्हे. काही फेस्टिव्हलमध्ये पास असूनही प्रत्येक शोसाठी आदल्या दिवशी जागा राखावी लागते, काही ठिकाणी आधी येईल त्याला जागा. चार जणांचं कुटुंब असेल तर चारही पासांची नोंद एकाच लॉगिनवरून होते का ते पाहा. होत नसेल तर आरक्षण उघडताना दोन मोबाइल दोघांच्या हातात हवेत. राखलेली जागा शो सुरू होण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधीपर्यंत घेतली नाही तर ती बाहेरच्या रांगेतल्यांना देतात. यात कुटुंबंच जास्त सापडतात, कारण एक जण स्वच्छतागृहात, एक जण गाडी लावायला गेलेला. व्हीलचेअरच्या जागा प्रत्येक सभागृहात मोजक्याच असतात, जुन्या थिएटरांत पायऱ्याही असतात. त्याची विचारणा तिकिटासोबतच करा.

सबटायटलची तयारी

मुलांचा फेस्टिव्हलमधला कंटाळा बहुतांशी इथून येतो. सबटायटल एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळींचं असतं आणि साधारण सात सेकंदांहून जास्त वेळ टिकत नाही. छोटं वाक्य सेकंदभरात जातं. तेवढ्यात वाचायचं, चेहरा बघायचा आणि अर्थ लावायचा. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना हे सहसा जमत नाही, आणि सबटायटल परक्या भाषेत असेल तर त्याहून मोठ्या मुलांनाही नाही. ती हुशार नाहीत असा याचा अर्थ नाही. वाचनाचा वेग अजून तेवढा झालेला नसतो, एवढंच.

फेस्टिव्हलच्या दोन-तीन आठवडे आधी घरी चाचणी घ्या. अनोळखी भाषेतला सिनेमा त्याच सबटायटलसह वीस मिनिटं लावा आणि मुलाकडे लक्ष ठेवा. डोळे खाली जाऊन पुन्हा वर येतात का? पहिल्या दहा मिनिटांत ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न दोन-तीनदा आला तर या वर्षी सबटायटलचा पूर्ण लांबीचा सिनेमा नको. डोळे खालीच खिळून राहत असतील तर वाचन जमतंय, चित्र सुटतंय. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं सराव केला की फरक पडतो. हीच चाचणी आजी-आजोबांचीही घ्या. सबटायटल बहुधा इंग्रजीत किंवा यजमान शहराच्या भाषेत असतं, आणि ती भाषा वाचायला ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतला किंवा दृश्यांवर चालणारा सिनेमा निवडणं हाच आदर.

शेजारी बसून कुजबुजत वाचून दाखवायचा विचार करू नका. पुढच्या तीन रांगांना ते ऐकू जातं, आणि वाचणाऱ्याचाही सिनेमा जातो. काही फेस्टिव्हलनी यावर छान उपाय काढला आहे: बर्लिनमध्ये छोट्यांच्या शोला निवेदक सभागृहात बसून सगळे संवाद जर्मनमध्ये प्रत्यक्ष वाचतात. तुमच्या फेस्टिव्हलमध्ये असं काही आहे का ते विचारा. कार्यक्रमात त्याची नोंद बारीक अक्षरात असते.

सभागृहात

जागा निवडताना पडद्याचा खालचा काठ पूर्ण दिसतोय ना ते पाहा. सबटायटल तिथेच असतं, आणि काही ठिकाणी तर ते पडद्याखालच्या वेगळ्या पट्टीवर सोडतात. सपाट जमिनीच्या सभागृहात पुढच्या डोक्यामुळे मुलांना नेमकं तेच दिसत नाही. उतारावरच्या सभागृहात मधल्या रांगांच्या थोडं मागे बसा. सपाट सभागृहात मुलाला मधल्या वाटेलगतच्या खुर्चीवर बसवा, वाटेकडे झुकून पडदा पाहता येतो. बाहेर जाण्याची शक्यता असेल तरी वाटेकडचीच जागा.

आवाज लहान कानांना जास्त होऊ शकतो. सिनेमागृहातली यंत्रणा जुळवताना पडद्यामागच्या प्रत्येक मुख्य स्पीकरची संदर्भपातळी ८५ डेसिबल धरतात आणि स्फोटासारख्या जागी आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी कानावर बसणारे संरक्षक हेडफोन पिशवीत असू द्या, आणि पडद्यामागच्या स्पीकरजवळच्या पहिल्या रांगा टाळा. घरात कोणाला फिट येत असतील तर झगमगत्या प्रकाशाची सूचना आहे का ते फेस्टिव्हलच्या कार्यालयात विचारा. प्रयोगशील लघुपटांत असा प्रकाश बराच असतो. काही फेस्टिव्हल दिवे मंद पण चालू आणि आवाज कमी ठेवलेले ‘रिलॅक्स्ड’ शो करतात. फार लहान किंवा स्वमग्न मुलांसाठी ते उत्तम. तिथे उठण्या-फिरण्याला कोणी हरकत घेत नाही.

आत जाण्यापूर्वी मुलांशी एक खूण ठरवा, उदाहरणार्थ हाताला दोन चिमटे. खूण मिळाली की कारण न विचारता त्याच्यासोबत बाहेर पडायचं, आणि बाहेर ‘एवढं काय घाबरायचं’ असं म्हणायचं नाही. आपण कधीही निघू शकतो हे माहीत असलेलं मूल जास्त वेळ बसतं. कोण सोबत उठेल हेही आधी ठरवा, नाहीतर दोघंही उठतात. एक शाल प्रत्येकाला हवीच. तीन शोनंतर वातानुकूलित सभागृह चांगलंच गार पडलेलं असतं.

सिनेमा संपल्यावर

दिवे लागल्याबरोबर ‘आवडला का?’ विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. ‘कोणतं दृश्य पुन्हा बघशील?’, ‘शेवट तू वेगळा केला असतास का?’, ‘तिथली शाळा कशी होती?’ असे प्रश्न चालतात, तेही जेवताना. काही मुलं दुसऱ्या दिवशी बोलतात. मोठ्यांनी आपला अर्थ आधी सांगून टाकला की मुलं तोच परत सांगतात, म्हणून तुमचा अर्थ शेवटी सांगा. प्रश्नोत्तरांत मुलाला काही विचारायचं असेल तर हात वर करू द्या. प्रश्न कागदावर लिहून दिला की आवाज कापत नाही.

काय बिघडू शकतं

शो रद्द होण्याचं किंवा बदलण्याचं एक नेहमीचं कारण तांत्रिक असतं. आजचे सिनेमे डीसीपी नावाच्या डिजिटल संचात येतात, आणि तो संच बहुधा कुलूपबंद असतो. त्याची किल्ली, म्हणजे केडीएम, ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच चालते. शो दुसऱ्या पडद्यावर हलवला किंवा वेळ किल्लीच्या मुदतीबाहेर गेली की जुनी किल्ली चालत नाही आणि नवी यायला वेळ लागतो. वीस मिनिटं झाली आणि पडदा काळाच असेल तर स्वयंसेवकाला ‘किल्लीची अडचण आहे का?’ एवढंच विचारा. ‘हो’ म्हणाला तर तुमच्या यादीतल्या पर्यायाकडे निघा. मुलांना घेऊन तासभर वाट पाहण्यात अर्थ नाही.

वेळापत्रक फेस्टिव्हल सुरू असतानाही बदलतं, म्हणून रोज सकाळी ॲप किंवा सूचनाफलक पाहा. शेवटच्या दिवसाचा निदान एक शो मोकळा ठेवा. पुष्कळ फेस्टिव्हल पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेते सिनेमे त्या दिवशी पुन्हा दाखवतात, आणि घरातल्या एका गटाने पाहिलेला, सारखा वाखाणलेला सिनेमा दुसऱ्या गटाला तेव्हा गाठता येतो.